हात लागला असन

“गळ्यात माळ अन् डब्यात कलेजी. जाऊ द्या भाऊ, आपल्याले काय करा लागते?”

मोताळ्याच्या बाजारात मी कोथिंबीर निवडत होते आणि शेजारच्या दुकानातला खाटीक गिऱ्हाइकाला हे सांगत होता. ज्यांच्याबद्दल सांगत होता ते नुकतेच स्टीलचा डबा हँडलला अडकवून सायकलवरून गेले होते. नारखेडे सर. आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मी त्याच विभागात तासिका तत्त्वावर आहे. सर अंड्याचा केकसुद्धा खात नाहीत, कलेजी प्रयोगासाठी नेतात, हे मला माहीत होतं. वळून तेवढं एक वाक्य बोलायला हवं होतं. मी कोथिंबिरीची दुसरी जुडी उचलली.

सरांचं एकच म्हणणं आहे. पेशीच्या आत केंद्रक असतं आणि चरबी त्याच्या भोवतीच्या पडद्यात असते, इथवर आमचं पुस्तक येऊन थांबतं. सर म्हणतात, पडद्याच्या आतही असते. अगदी थोडी, पण तिचं काम निरोप पोचवायचं. कुठलं जनुक कधी जागं व्हावं, यात तिचा हात असतो. “पडदा सोलून काढा, साबणानं धुवा,” ते वर्गात सांगायचे, “तरी आतमंदी राह्यतेच. धुऊनबी जे राह्यलं ते त्याचं सोताचं, बाप्पा.”

प्रत्येक मुलाच्या जर्नलमध्ये, पेशीच्या आकृतीत, ते केंद्रकाच्या आत पिवळ्या पेन्सिलीनं चार ठिपके स्वतः काढायचे. बाहेरून येणारे परीक्षक त्या ठिपक्यांचा अर्धा गुण कापायचे. म्हणून मुलं परीक्षेच्या आदल्या दिवशी ठिपके खोडायची आणि निकाल लागला की सरांना वाईट वाटू नये म्हणून पुन्हा काढून आणायची. त्यांना मुलं ‘कलेजी सर’ म्हणायची, पण ठिपके काढायचं मात्र कुणी चुकवायचं नाही.

दुसरं वेड धुण्याचं. परीक्षानळी सात वेळा धुवायची आणि खिडकीपाशी उजेडात धरून बघायची. चहाच्या टपरीवरही सर आपला ग्लास आपणच धुतात, वर धरतात, पुन्हा धुतात. “सर, चहा थंडा होऊन राह्यला,” टपरीवाला म्हणतो. “होऊ दे बे, ग्लास तं साफ आहे,” सर म्हणतात. लग्नात ते नवरदेवाशी हात मिळवत नाहीत, लांबून नमस्कार करतात. कोरोनात सगळं गाव दोन वर्षं सरांसारखं वागलं. तेवढाच काळ त्यांच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही.

हे वेड कुठून आलं ते त्यांनी मला एकदा भांडी पुसताना सांगितलं. तीस वर्षांपूर्वी ते विद्यापीठात पीएच.डी. करत होते. हाच प्रयोग. कलेजी साखरेच्या पाण्यात वाटायची, गरागरा फिरवून त्यातली केंद्रकं खाली बसवायची, साबणासारख्या द्रावणानं त्यांचा पडदा काढायचा, मग उरलेल्यातली चरबी काढून पांढरा थर दिलेल्या काचेच्या पट्टीवर चढवायची. पट्टी आयोडीनच्या बरणीत ठेवली की जिथे चरबी तिथे तपकिरी डाग उमटतो. सरांचा डाग उमटला. पण बोटाची चरबीही तशीच उमटते. मार्गदर्शकांनी सगळ्यांसमोर इंग्रजीत विचारलं, तुझा हात लागला होता का?

“नव्हता लागला,” सर म्हणाले. “पण सायबाले ‘नो सर’ कसं म्हणावं? मी ‘यस सर’ म्हणलं.”

पीएच.डी. तिथेच संपली. मी घरी जाऊन मोबाईलवर शोधलं. केंद्रकातली निरोप पोचवणारी चरबी आता जगभर मानली जाते, त्यावर ढीगभर लिहिलं गेलंय. दुसऱ्या दिवशी घाईघाईनं त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं. “हे तं तवाबी कुठं कुठं मानत होते, मॅडम,” ते म्हणाले. “मी काही पह्यला नव्हतो. पण माहा डाग खरा होता.”

मी इंग्रजी शाळेत शिकले. ‘नो सर’ कसं म्हणायचं ते मला पहिलीपासून येतं. म्हणून मी कधी म्हटलंय असं नाही.

गेल्या महिन्यात सर निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी प्रयोग मांडला. “एकडाव कोणाच्या तरी समोर दाखवाचं आहे,” ते म्हणाले, “मंग जातो.” कलेजी गार ठेवायला बर्फ कुल्फीवाल्याकडून आणला. आम्ही दोघांनीही हातमोजे घातले होते. पट्टी मी चिमट्यानं ठेवली, चिमट्यानं काढली. मधोमध एक डाग होता, चहाच्या थेंबाएवढा.

आयोडीनचा डाग टिकत नाही, काही मिनिटांत उडून जातो. म्हणून पेन्सिलीनं लगेच गोल करून ठेवतात. मी पेन्सिल पुढे केली. “थांबा,” सर म्हणाले. “प्राचार्य साहेबाले आधी असाच पाहू द्या.”

प्राचार्य त्यांना सत्कारासाठी न्यायला आले, मागे दोन प्राध्यापक. सरांनी पट्टी दाखवली. प्राचार्य वाकले.

“काय आहे हे?”

“चरबी, साहेब. केंद्रकाच्या आतली.”

“अहो सर, हात लागला असन कोणाचा,” प्राचार्य हसले. “मॅडमच्या डब्यात रोज पराठे राह्यतात.”

मागचे दोघेही हसले. सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझे हातमोजे मी अजून काढलेही नव्हते. मी खाली बघितलं.

“लागला असन, साहेब,” सर म्हणाले.

“चला लवकर, हार सुकून राह्यला तिकडं.” प्राचार्य गेले. त्यांची पावलं पायऱ्या उतरेपर्यंत डाग फिका झाला होता. मग पट्टीवर काहीच राहिलं नाही.

सरांनी हातमोजे काढले आणि बरणी नळाखाली धरली. एकदा धुतली, दोनदा धुतली. उजेडात धरून बघितली नाही, तशीच पालथी घातली. पेन्सिल माझ्या हातात होती. कोऱ्या पट्टीवर, डाग होता त्या जागी, मी गोल काढला.

“सर,” मी म्हटलं, “हात लागला नव्हता. मी तिथेच होते.”