बबनआप्पांची परवानगी

आमचे शेजारी बबनआप्पा मोबाईलवर कांद्याचा भाव बघायला बसले की हातातला चहा निवून जातो. भाव दिसण्याआधी कुकीजची परवानगी मागणारी जी चौकट उगवते, तिला ते उत्तर देत बसतात. तुम्ही-आम्ही न वाचता 'मान्य' दाबून मोकळे होतो. आप्पा चष्मा लावतात, ओसरीवर मांडी घालतात आणि आत शिरून एकेक बटण बंद करत जातात.

सणसवाडीच्या कंपनीत गेटवर नोकरी झालेली. तिथलं इंग्रजी अजून शाबूत आहे. "जाहिरातीची बिस्किटं नकोत. गरजेची तेवढी ऱ्हाऊ द्या," असा निकाल ते मोठ्यानं देतात. कुणी घाई केलीच तर म्हणतात, "इचारलंय ना? मग नीट उत्तर द्याया पायजे."

एकदा निमोण्याच्या स्टँडवर त्यांनी शिरूरच्या एसटीची वेळ बघायला मोबाईल उघडला. बटणं बंद करून मान वर केली, तोवर एसटी समोरून निघून गेली होती.

मी शिरूरला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. मला त्यांची दया आली. एका रविवारी त्यांच्या मोबाईलमध्ये अशा चौकटी परस्पर अडवण्याची सोय करून दिली. कांद्याचा भाव पापणी लवायच्या आत हजर झाला. आप्पांनी नुसती मान डोलावली.

पुढच्या रविवारी ते आमच्या दारात उभे. म्हणाले, "ते काढून टाक, पोरी."

काही बंद पडलं का, मी विचारलं.

"बंद न्हाई पडलं. पर आता कुणी इचारतच न्हाई."

मग हसत हसत सांगू लागले. ते दौंडला मुलीकडं गेले होते, तेवढ्यात मुलानं घराला पोपटी रंग देऊन टाकला. मुलगा गुणाचा आहे. बापाला त्रास नको म्हणून सगळं परस्पर उरकतो. "तुजी काकी व्हती तवा भाजी कंची करू, हे सुदिक इचारायची," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

मी ती सोय काढून टाकली. मोबाईल परत देताना तोंडातून निघून गेलं, "आप्पा, शेवगा लावायचाय. कुठं लावू?"

वास्तविक घरामागं खड्डा खणून तयार होता.

आप्पांनी मोबाईल खिशात टाकला. सगळं अंगण हिंडले, ऊन कुठवर येतं ते पाहिलं, मोरीचं पाणी कुठं जातं ते विचारलं. शेवटी दोन घरांमधल्या कुंपणाशी टाच रोवून उभे राहिले.

"हितं लाव. शेंगा तुलाबी काढता येतील, मलाबी. काढता काढता चार शब्द व्हतील."

ते कुदळ आणायला घरी गेले, तेवढ्यात मी मागचा खड्डा बुजवून टाकला.