सम्राट भोजन योजना आणि एकशे दहा सेंटिमीटर

खट् आवाज करून स्टीलची टेप आपल्या डबीत परत शिरली आणि घरातली शांतता मोडली. ती शांतता आम्ही चौघांनी मिळून पाळली होती, कारण कुणी हललं की माप चुकतं असं आबांचं म्हणणं. आबांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ ओढली, चष्मा कपाळावर चढवला आणि निकाल जाहीर केला, “एकशे दहा. पूर्ण.”

माझ्या लेकीने, निधीने, उड्या मारल्या नाहीत. तिने रेघेवरून बोट फिरवलं आणि शांतपणे म्हणाली, “आता महागरुड.”

महागरुड हा हायवेपलीकडच्या ‘आनंदमहाल’ पार्कातला एक लोखंडी पक्षी. तो मुलांना पंखावर बसवून उंच नेतो, वर एक क्षण थांबतो आणि खाली सोडतो. त्यावर बसायला एकशे दहा सेंटिमीटर लागतात. गेल्या वर्षी निधी एकशे चार भरली होती. दारावरच्या माणसाने तिला बाजूला काढलं तेव्हा ती रडली नाही, तिने फक्त विचारलं, “उंच कसं होतात?” मी घाईत सांगून टाकलं, “सगळं जेवण संपवलं की.”

त्या एका वाक्यावर मी वर्ष काढलं. दुधी, पडवळ, शेपू, जे जे पानात पडेल ते ती महागरुडाच्या नावाने गिळत गेली. शेवटच्या घासाला डोळे मिटायची. मला वाईट वाटायचं, पण ताट रिकामं झालेलं बघून बरंही वाटायचं.

तिकिटं काढायचं काम सम्यककडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे आलं. तो अंधेरीत एका विमा कंपनीच्या दावे विभागात आहे. दिवसभर तो लोकांना त्यांनीच सही केलेल्या अटी वाचून दाखवतो आणि पैसे का मिळणार नाहीत ते समजावतो. एवढ्या सावध माणसाच्या हाती मोबाइल होता, म्हणून मी निश्चिंत होते.

“अगं, तिकिटाबरोबर भोजन योजना आहे,” तो म्हणाला. “रौप्य, सुवर्ण आणि सम्राट.”

“मी भाकऱ्या आणि ठेचा घेते ना.”

“बाहेरचं अन्न चालत नाही. आणि आत सुटं खाल्लं तर वाट लागेल. सम्राट घेतलं तर नाश्ता, जेवण, फराळ, संध्याभोज, वर पॉपकॉर्नची बादली. एका माणसाने व्हिडिओत सगळं खाऊन दाखवलंय. तिसऱ्या खाण्याला पैसे वसूल, चौथं निव्वळ फायदा.”

“आणि भूक?”

“भुकेचं काय त्यात?” सम्यकने खरोखरच विचारलं.

त्याने लॅपटॉपवर तक्ता केला. तक्त्यात महागरुड नव्हता. तो तिकिटात फुकट होता, त्यामुळे त्याची वसुली करता येत नव्हती.

आबांना योजना मनापासून पटली. आबा, म्हणजे माझे सासरे राजाराम, भांडुपच्या एका कंपनीत एकतीस वर्षं टाइमकीपर होते. तीन मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस कापायचा आणि जेवणाची सुट्टी एक मिनिटही वाया जाऊ द्यायची नाही, या दोन कामांत त्यांचं आयुष्य गेलं. शिवाय ते परभणीकडच्या गावचे. पानात काही टाकायचं नाही, हा घरचा एकमेव कडक नियम त्यांचा. त्यांनी चारही खाण्यांच्या वेळा खिशातल्या डायरीत उतरवल्या आणि खाली रेघ मारून सही केली.

रविवारी सकाळी दहाला आम्ही फाटकावर होतो. माझा भाकरीचा डबा ‘बाह्य अन्न सुरक्षा कक्षा’त जमा झाला. तिथल्या गार्डने झाकण उघडलं, ठेच्याचा वास घेतला, डोळे मिटले आणि मला टोकन दिलं. संध्याकाळी डबा परत मिळाला तेव्हा ठेचा नव्हता. टोकन डब्याचं होतं, ठेच्याचं नव्हतं.

योजनेच्या खिडकीत कल्पिता नावाची मुलगी बसली होती. गोड होती, आणि तिचं सगळं पाठ होतं. तिने निधीला पट्टीशी उभं केलं.

“एकशे दहा. अभिनंदन, मॅडम. यांना प्रौढ थाळी लागू.”

“ती सहा वर्षांची आहे.”

“वय आम्ही बघत नाही, मॅडम. वय लोक खोटं सांगतात.” तिने निधीच्या मनगटाला हिरवा पट्टा बांधला. “ताटात टाकलंत तर अन्न-अपव्यय शुल्क पडेल. वेळ चुकली तर ते खाणं रद्द. आणि खाण्याच्या वेळी पट्टा स्कॅन झाला की तो लाल होतो. ताट परत केल्यावर पाऊण तासाने पुन्हा हिरवा. लाल असेपर्यंत राइड बंद. पोटात अन्न असताना उंचावर नेत नाही आम्ही, सुरक्षितता आहे ना.”

“म्हणजे जो जेवला त्याचा लाल,” सम्यक म्हणाला.

“नाही सर. सम्राटमध्ये कुटुंब हे एक युनिट आहे. एकाने खाल्लं की चौघांचे लाल. परिशिष्ट तीन.”

सम्यकने परिशिष्ट तीनवर सही केली. दावे विभागातल्या माणसाने अटीवर सही करताना मी पहिल्यांदाच पाहत होते. तो अगदी त्याच्या ग्राहकांसारखा दिसत होता.

नाश्ता साडेदहा ते अकरा दहा. रांगेतच पंचवीस मिनिटं गेली. इडल्या गार होत्या, पण चार होत्या, आणि चारही संपल्या. पट्टे लाल. पावणेबाराच्या पुढे ते हिरवे झाले, तेव्हा आम्ही महागरुडाच्या रांगेशी पोचलो. पाटी होती, ‘येथून ९० मिनिटे’. निधीने वर बघितलं. पक्षी पोरांना वर नेत होता, थांबत होता, सोडत होता.

“वरून आपलं घर दिसेल?” तिने विचारलं.

“कांजूरचं? नाही गं.”

“मग आपल्याकडचा कचऱ्याचा डोंगर दिसेल. तो मोठा आहे.”

आम्ही रांगेत निम्म्यावर आलो असू, तेव्हा आबांनी घड्याळ बघितलं. “एक वाजायला दहा कमी. जेवण.”

“आबा, आता राहू दे ना,” मी म्हणाले.

“अगं, पैसे भरलेलं ताट आहे ते. ताट हजर आणि माणूस गैरहजर, असं मी कधी होऊ दिलं नाही.”

आम्ही रांग सोडली. प्रौढ थाळीत निधीला दोन भाज्या, वरण, भाताचा ढीग, तीन पुऱ्या आणि गुलाबजाम आले. ‘अपव्यय निरीक्षक’ असा बिल्ला लावलेला माणूस टेबलांमधून फिरत होता. मी तिच्या ताटातलं चोरून आपल्याकडे घ्यायला लागले तेव्हा तो शेजारी येऊन उभा राहिला. ताटांची अदलाबदल योजनेत बसत नव्हती.

“खा बाळा,” मी म्हणाले. “संपव. संपवलं की महागरुड.”

तिने शेवटचा भात डोळे मिटून खाल्ला. दोन वीसला आम्ही ताटं परत केली. पार्कात येऊन आम्हाला चार तास झाले होते, त्यात नाश्त्यानंतर जेमतेम सव्वातास आम्ही हिरवे होतो.

तीन पाचला पुन्हा हिरवे झालो. साडेतीनला फराळ. पंचवीस मिनिटांत नव्वद मिनिटांची रांग होत नाही, हे सहा वर्षांच्या मुलीलाही कळलं. ती स्वतःच फराळाच्या दिशेने चालायला लागली. समोसा, जिलबी आणि बादली. बादली अशी की तिच्यात निधी बसली असती. पॉपकॉर्न संपेपर्यंत ती खाली ठेवायची नाही, ठेवली तर ‘बेवारस वस्तू’, आणि राइडवर न्यायची नाही, कारण ती ‘सुटी वस्तू’. शेवटी आबांनी ती पोटाशी धरली आणि उरलेला दिवस तशीच वागवली. मधून मधून त्यांच्यातला टाइमकीपर एकेक दाणा तोंडात टाकत होता.

बाकीचं पार्कही काही वेगळं करत नव्हतं. घाटकोपरहून आलेलं एक कुटुंब झाडाखाली आडवं पडलं होतं. बापाने पॅन्टचं बटण उघडलं होतं. “आमचं संध्याभोज राहिलंय,” तो मला अभिमानाने म्हणाला. “तीन झाली.” मागे पाळणे रिकामे फिरत होते. आनंदमहालात आनंद घ्यायला कुणाला वेळ नव्हता. सगळे वसुलीवर होते.

चार चाळीसला शेवटचा हिरवा मिळाला. रांग आता लहान झाली होती, बरेच लोक जेवत होते. महागरुड सहाला बंद. साडेपाच वाजले तेव्हा आमच्या पुढे तीस-पस्तीस माणसं उरली होती. त्याच क्षणी सम्यकचा मोबाइल वाजला: ‘प्रिय सम्राट, आपले संध्याभोज सुरू झाले आहे.’

आम्ही तिघं मोठी माणसं एकमेकांकडे बघायला लागलो. निधी पक्ष्याकडे बघत होती.

“सोडू या यार,” सम्यक म्हणाला, पण तो म्हणताना त्याचा चेहरा पडला. चौथं म्हणजे निव्वळ फायदा. तक्त्यात तो रकाना हिरवा रंगवलेला होता.

आबांनी डायरी खिशातून काढली आणि परत ठेवली. एकतीस वर्षांनी तो माणूस पहिल्यांदाच जेवणाची एक सुट्टी बुडू द्यायला तयार झाला होता. नातीसाठी.

तेव्हा मी बोलले. सकाळपासून योजनेला नावं ठेवणारी, भाकरी आणणारी, शहाणी मी. मी म्हणाले, “आबा, तुम्ही तर वर बसणार नाही आहात. तुम्ही जाऊन या ना. निदान एक ताट तरी वसूल होईल.”

“अगं, पण ती मुलगी काहीतरी युनिट म्हणाली होती.”

“ते आपण चौघं एकत्र जेवलो तर असेल. तुम्ही जा.”

तो नियम मला पाठ होता. सकाळपासून तीनदा आम्ही त्याच नियमाने लाल झालो होतो. मी विसरले नव्हते. आपल्यापुरता नियम थोडा वेगळा निघेल, असं मला वाटलं, आणि तेवढ्या वाटण्यावर मी म्हाताऱ्याला बादलीसकट पाठवलं. आबा सांगितलेलं काम वेळेत करणारे. ते झपाझप गेले.

पाच अठ्ठेचाळीसला निधी दारावर पोचली. माणसाने तिला पट्टीशी उभं केलं. तिने स्वतःच्या हाताने केस दाबून चपटे केले, म्हणजे नंतर कुणी काही म्हणायला नको.

“एकशे दहा. चल बेटा.”

तिने पायरीवर पाय ठेवला आणि पट्टा लाल झाला.

तो किती हळू लाल होतो, हे मी पहिल्यांदा बघितलं. आधी गुलाबी होतो. मधल्या त्या रंगात निधीने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, मला काहीतरी करता येईल.

‘अतिथी समाधान कक्षा’त नंदकिशोर नावाचे गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि संगणकात बघितलं.

“राइड तिकिटात होती. न घेणं ही अतिथींची निवड. योजनेचा वापर मात्र उत्तम आहे, मॅडम. तुमच्या युनिटचं समाधान आमच्या नोंदीत ब्याऐंशी टक्के दिसतंय.”

“ती रडतेय, दिसत नाही का?”

“त्याला वेगळा फॉर्म आहे.” त्यांनी तो भरला, शिक्का मारला आणि नुकसानभरपाई म्हणून एक कुपन दिलं. तीस दिवसांत वापरायचं, चौघांसाठी, सम्राट भोजन.

तेवढ्यात आबा आले. त्यांनी ताट स्वच्छ केलं होतं, मिशीला खिरीचा थेंब होता. “वसूल,” ते म्हणाले आणि मग त्यांचं लक्ष निधीच्या मनगटाकडे गेलं. त्यांनी पॉपकॉर्नची बादली तिथेच खाली ठेवली, बेवारस. मीच पाठवलं होतं, हे त्यांनी अजूनपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. मीही नाही.

मंगळवारी आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर दुसऱ्या मजल्यावरच्या नमिताने विचारलं, ‘ती सम्राट योजना घेण्यासारखी आहे का गं?’ मी बराच वेळ बोट अधांतरी धरून बसले. आम्ही तिघं शिकलेली माणसं एका इडलीच्या मागे दिवसभर पळालो, हे कसं लिहिणार? मी लिहिलं, ‘पूर्ण वसूल. मुलं खूश.’ वर पाच तारे दिले. तासाभरात सहा घरांनी बुकिंग केलं. त्यातल्या कुणी उद्या नाखूश होऊन आलं, तरी तेही पाच तारेच देतील, मला खात्री आहे. तुम्हीही कुणाचे तरी तारे मोजूनच काही ना काही घेतलं असेल.

फोन ठेवला आणि वळले. निधी ताटासमोर बसली होती. दुधीची भाजी जशीच्या तशी. मागे चौकटीवर आबांची रेघ.

“संपव की,” मी सवयीने म्हणाले.

तिने चमचा उचलला नाही. रागावलेलीही नव्हती. एखादा हिशेब नीट लागत नसला की आबा जसे मान तिरकी करतात, तशी तिने केली.

“आई, तिथे मी सगळं संपवलं होतं ना,” ती म्हणाली. “मग अजून किती खायचं होतं?”