पुसलेले बापूराव

गुणाबाईच्या घरासमोरून दिवसभर कोळशाचे ट्रक जायचे. त्यामुळे सकाळी आधी फडका, मग चहा. खिडकी, टीव्ही, कपाटाचा आरसा. तिचे यजमान बापूराव होते तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा चष्माही पुसून निघायचा. काळं दिसलं की पुसायचं, एवढं गुणाबाईला दुसरीत शाळा सोडूनही पक्कं येत होतं.

रविवारी बापूरावांच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे त्यांना श्रद्धांजली वाहण्याचा, कार्यक्रम होता. हयातीत कॅमेरा दिसला की ते उठून जायचे. ओळखपत्रावरचा एकच फोटो उरला होता, त्यातही डोळे मिटलेले.

"असा झोपलेला मानूस टांगू का मी भितीवर?" म्हणत गुणाबाईनं नातीला कामाला लावलं. संघप्रिया चित्रकला शिकत होती. आजी सांगायची, नात कॅनव्हासवर कोळशाच्या कांडीनं काढायची.

"नाक बारीक कर. नाक होतं ते, वांगं नोयतं."

शुक्रवारी संध्याकाळी आजीनं चित्र आधी जवळून, मग लांबून पाहिलं. मग म्हणाली, "हाव. हेच हायेत."

"मंग उद्या क्लासवरून आली का रंग भरीन," संघप्रिया म्हणाली. आजीनं लगेच सुनेला दम भरला, "रश्मी, चित्राजवळ फिरकली तं पाय!"

शनिवारी सकाळी हातात फडका होता आणि डोक्यात उद्याचा स्वयंपाक. खिडकी पुसली, टीव्ही पुसला, शेजारी टेकवलेलं काळंही पुसलं. हनुवटीपाशी आल्यावर हात थांबला. बापूरावांच्या जागी विरलेल्या चार रेषा उरल्या होत्या.

"अगा माय!"

"का झालं जी, आई?" रश्मी आतून ओरडली.

"काई नाई! ट्रकवाल्यायले शिव्या देऊन राह्यली. तू पोहे पाय!"

कालच सुनेला दम दिलेला. आता कबूल कोणत्या तोंडानं करायचं? गुणाबाईनं विझलेल्या सिगडीतला एक कोळसा उचलला आणि रेषा गिरवायला बसली. नाक बाजूला गेलं, म्हणून रुंद केलं. रुंद नाक झाकायला मिशी दाट केली. मिशीला शोभावेत म्हणून गाल फुगवले. मग मागे सरकून पाहिलं. कॅनव्हासवरून तिचा धाकटा दीर, गुणवंतराव, टकामका बघत होता.

या गुणवंतरावांनी एका लग्नात तिच्या रश्श्याला सगळ्यांदेखत पातळ म्हटलं होतं. तेव्हापासून तिनं त्यांना चहा विचारला नव्हता. कार्यक्रमासाठी ते ब्रह्मपुरीहून एक दिवस आधीच आले, आणि दारात चप्पल काढता काढता थबकले.

"वयनी... हा तं मी हाये!"

गुणाबाईनं काळी बोटं पदराखाली लपवली.

"मी समजत होतो तुमच्या मनात राग हाये. अन् तुमी माह्या फोटो काढून ठेवला!" त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला.

नाही म्हणावं, तर पुसलं कोणी ते सांगावं लागत होतं.

"बसा, भाऊजी," गुणाबाई कशीबशी म्हणाली. "चहा घेता?"

तेवढ्यात संघप्रिया आली. तिनं चित्र पाहिलं आणि आजीला ओढत मागच्या अंगणात नेलं. "आजी, आबा कुठी गेले?"

"फडक्यात," गुणाबाई पुटपुटली.

"अवं, मंग बरंच झालं! रंग भराच्या आंधी कोळसा झटकाच लागते, नाई तं रंग मळते. फिकट रेषा उरल्या का पुरते. मी तेच करणार होती आज. पन त्याच्यावर हे ब्रह्मपुरीचे आबा कोनं काढले?"

आयुष्यात पहिल्यांदाच गुणाबाईच्या हातून चुकून बरोबर काम झालं होतं, आणि ते तिनंच निस्तरून बिघडवलं होतं. तिनं पदर खोचला.

"तू रंग घे. बाकीचं मी पायतो."

ती गुणवंतरावांसमोर खुर्ची ठेवत म्हणाली, "भाऊजी, रंग भराले बसा लागते. हलू नका. बोलू तं अजिबातच नका."

गुणवंतराव मान ताठ करून बसले. गुणाबाई नातीच्या मागे उभी राहून कुजबुजू लागली, "नाक अर्धं कर. गाल काप. मिशी भुवईएवढी ठेव." संघप्रियाचा ब्रश डोळ्यांकडे वळला, तशी आजीनं तिचा हात धरला. "डोये पाहून पाहून काढ. त्याच्यात काई बदलू नको. दोघाही भावायचे सारखेच हायेत." हे तिलाही आजच दिसलं होतं.

रविवारी भिंतीवर डोळे उघडे असलेले बापूराव आले. गुणवंतराव चित्राकडे बघतच राहिले.

"वयनी, बसलो मी, अन् हे तं दादा निघाले."

"मंग?" गुणाबाईनं आवाज चढवला. "भाऊच होय ना तुमचे?"

गुणवंतरावांनी मान हलवली. नंतर मात्र ते चित्राशेजारून हललेच नाहीत. तोच पांढरा सदरा, तेच डोळे. माणसं मेणबत्ती लावायची, बापूरावांना फुलं वाहायची, शेजारी बघून दचकायची आणि उरलेली दोन फुलं गुणवंतरावांच्या पायावर टाकून पुढे सरकायची. गुणवंतराव प्रत्येकाला हात जोडत होते.

शेवटी गुणाबाई उठली.

"भाऊजी, तिकून हटा. जित्या मानसाले लोक फुलं वाहून राह्यले." तिनं आपल्या शेजारची सतरंजी झटकली. "इथी बसा, माह्याजवळ. अन् जेवाले थांबा. रस्सा घट्ट केला हाये."

गुणवंतराव येऊन बसले. तरी पुढचा पाहुणा त्यांच्याच पाया पडला.