जुन्या बोलण्याची मोड

आमच्या गावात करडे भांडीवाल्यांनी मोबाइलची सेवा सुरू केली, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, की रिचार्ज पैशाने होणार नाही. जुनं बोलणं मोडीत घालावं लागेल.

यात कुणाला नवल वाटलं नाही. भांड्यांच्या दुकानात पूर्वापार हेच चालतं. घरातला चेपलेला हंडा, कान तुटलेली कढई घेऊन जायची. दुकानदार ती वजन करून मोडीच्या भावाने घेतो आणि आपण नवा डबा घेऊन घरी येतो. बोलण्यालाही तोच कायदा. करड्यांच्या काउंटरवर दोन पारड्यांचा जुना तराजू होता. त्यातल्या एका पारड्यावर वाकायचं आणि पूर्वी कधी फोनवर आपण जे बोललो असू, ते पहिल्या हॅलोपासून शेवटपर्यंत म्हणून दाखवायचं. पारडं खाली जायचं. जेवढं वजन, तेवढा टॉकटाइम. ते बोलणं मग मागच्या भट्टीत जायचं आणि आपल्या डोक्यातून पुसलं जायचं. फोन झाला होता एवढं आठवायचं, काय बोललो ते नाही.

टॉवर काही करड्यांचा नव्हता. टॉवर मोठ्या कंपनीचा; तिने गावोगावच्या दुकानदारांना घाऊक भावात रेंज विकायला काढली होती. दूध दुसऱ्याचं आणि पिशवीवर नाव आपलं, त्यातला प्रकार. त्यामुळे ज्याच्या दुकानावर पाटी होती तो प्रत्येक जण सिम विकायला बसला. डेअरीवाल्यांचं सिम सकाळी झकास चालायचं, पण दुपारनंतर बोलणं नासायचं. चॉइस लेडीज टेलरचा फोन सांगितलेल्या दिवशी कधी लागला नाही. विचारायला गेलं की "मंगळवारी या, काजं-बटणं तेवढी राहिलीत," म्हणायचा. मंगल कार्यालयाच्या सिमवरून फक्त पाचशे माणसांशी एकदम बोलता यायचं, एकट्यादुकट्याशी नाही. त्या मानाने करडे सरळ माणूस. वजनाला चोख आणि तोंडाने कमी.

आता मी कोण, ते सांगतो. मी सुदाम भिलारे. एसटी स्टँडसमोर माझा एसटीडी-पीसीओचा बूथ होता. पिवळी पाटी, काचेची केबिन, लाल आकड्यांचा मीटर आणि बाहेर बाकड्यावर वाट बघणारी माणसं. रविवारी तर अशी गर्दी की जत्रा परवडली. केबिनचं दार लावून काही उपयोग नसायचा, कारण लोक तेव्हा फोनवर ओरडूनच बोलत. मुंबई लांब आहे ना, मग आवाजही लांब पोचला पाहिजे, असा साधा हिशेब. कुणाची नोकरी लागली, कुणाची सोयरीक फिसकटली, कुणाची म्हैस व्याली, सगळं आधी मला कळायचं. माझं लग्न जमलं नाही, पण बूथ जमला. ते दिवस गेले, आणि मला त्यांची फार आठवण येते. सांगायला लाज कसली?

त्या काळचं बोलणं वजनाला भारी भरायचं, हे करड्यांनीच दाखवून दिलं. माणूस आठवडाभर मनात जुळवायचा, काय बोलू, कसं बोलू. मग रांगेत उभा राहायचा, आणि मीटरकडे बघत बघत तेवढंच बोलायचा. अस्सल पितळ! हल्लीची पोरं पारड्यावर वाकायची आणि म्हणायची, "कुठंयस? निघालो. बरं, ठेव." पारडं हलायचंसुद्धा नाही. करडे शांतपणे सांगायचे, "हा पत्रा आहे बाळा, घरी ठेव."

मला वाटलं, आपली चांदी झाली. अर्ध्या गावाचं पितळ माझ्या डोक्यात! मी रुबाबात दुकानात गेलो आणि पारड्यावर वाकून तलाठ्याच्या मेव्हण्याचा एक फोन सुरू केला. करड्यांनी पारड्यावर हात ठेवला.

"भिलारे, हे तुमचं नाही."

"माझ्या कानांनी ऐकलंय."

"ऐकलेलं चालत नाही, बोललेलं लागतं. दुसऱ्याच्या घरचा हंडा आणलात तर घेऊ का मी?"

माझ्या स्वतःच्या तोंडचं म्हणावं असं होतं काय? "थांबा, बोलावतो," "लाइन बिझी आहे," "सुटे द्या." नुसता पत्रा. एकच फोन असा होता की ज्यात मी मनापासून बोललो होतो, आणि तो मी मोडीत घालणार नव्हतो. कुणी कितीही सांगितलं तरी नाही. तो मी जपला होता एवढं मला आजही पक्कं आठवतं.

तो फोन शालनवहिनींचा. वहिनी आमच्या आळीतल्या. त्यांचे यजमान हणमंतराव शेवाळे धरणाच्या कामावर क्रेन चालवायचे. आज कर्नाटकात, उद्या गुजरातेत. दर रविवारी त्यांचा माझ्या बूथवर फोन यायचा, "सुदामराव, हिला बोलावता का?" मग मी बूथ बाकड्यावरच्या माणसांच्या भरवशावर टाकून आळीत पळायचो. वहिनी पदराला हात पुसत यायच्या. पुढे हणमंतराव कामावर असतानाच तापाने गेले. लेक मंजिरी तेव्हा शाळेत होती. वहिनींकडे राहिले ते रविवारचे फोन.

आणि ते फोन त्या एकेक करून मोडीत घालत होत्या. मंजिरी लग्न होऊन जमशेदपूरला गेली होती. तिच्याशी बोलायचं तर टॉकटाइम पाहिजे, आणि वहिनींच्या घरात रेंज फक्त करड्यांची. तिकडून फोन आला तरी सुटका नव्हती. करड्यांचं म्हणणं, तराजूला पारडी दोन. बोलणाऱ्याला वजन लागतं, तसं ऐकणाऱ्यालाही. कसा गेला पावसाळा, याचा फोन गेला. मंजिरीला गोवर आला तेव्हाचा गेला. हणमंतराव रुसले होते तो गेला. दिवाळीला येत नाही म्हणाले, तोही गेला.

मी एकदा चिडून म्हणालो, "अहो वहिनी, काय हे? सगळं घर मोडीत काढायला निघालात! थोडं तरी ठेवा."

"काय करू भावजी? गेलेल्या नवऱ्याला सांभाळू का जित्या लेकीला?"

मी चहा पिऊन उठलो.

मंजिरीला दिवस गेले, आणि मग दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. डॉक्टरांनी तिला प्रवास बंद केला, म्हणून बाळंतपणाला माहेरी येता येईना. इकडे वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून यांना जाता येईना. पोरगी घाबरलेली. "आई, तू निदान फोनवर तरी राहा," एवढंच तिचं मागणं. आणि वहिनींकडे एकच फोन शिल्लक होता. मंजिरी जन्मल्यावर तिचं नाव ज्या फोनवर ठरलं, तो. हणमंतराव पोरीला बघायच्या आधीचा.

वहिनी वॉकर घेऊन करड्यांकडे निघाल्या, ते मला समोरून दिसलं. त्यांचा चेहरा बघितला आणि काय मोडीत घालायला निघाल्यात ते कळलं. तो फोन गेला असता तर हणमंतरावांचा आवाज या बाईच्या डोक्यातून साफ गेला असता. सगळेच रविवार गेले असते. मी चप्पल घातली का नाही ते आठवत नाही, पण त्यांच्या आधी दुकानात पोचलो.

"करडे, माझं एक बोलणं घ्या आणि टॉकटाइम वहिनींच्या नंबरवर टाका."

"कुठलं बोलणं?"

"मंजिरीचं नाव ठरलं तो फोन."

"तो वहिनींचा."

"माझाही आहे. मी होतो त्या फोनवर."

करड्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "भिलारे, ऐकलेलं चालत नाही. हे आपलं मागे झालंय."

"ऐकलेलं नाही हो! बोललोय."

"साक्षीला कोण?"

वहिनी तोवर पायरीपर्यंत आल्या होत्या. "मी आहे साक्षीला," त्या म्हणाल्या. "आम्हा नवराबायकोपेक्षा हेच जास्त बोलले त्यात. पण भावजी, तुम्ही हे करू नका. तुमच्याकडे आहेच काय दुसरं?"

"वहिनी, तुम्ही मध्ये बोलू नका."

करडे म्हणाले, "भावाभावांत हंडा सामाईक असला तर सगळ्यांचा होकार लागतो. पण बोलण्याला आम्ही सामाईक धरत नाही. ज्याच्या तोंडचं त्याचं. तुमचा वाटा जाईल, वहिनींचा राहील. कबूल?"

"कबूल."

मी पारड्यावर वाकलो. तोंड उघडलं. त्यानंतरचं मला इतकंच माहीत आहे, की पारडं खाली ठाण्ण करून टेकलं होतं आणि कुकरचं झाकण घ्यायला आलेली एक बाई डोळे पुसत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," करडे म्हणाले. "बसा. पाणी घ्या." आणि त्यांनी वहिनींच्या नंबरवर टॉकटाइम टाकला. इतका, की त्यांच्या मशीनने दोनदा खात्री करून घेतली.

घरी आलो आणि कसंनुसं झालं. दात पडला की जीभ सारखी त्या जागी जाते, तसं मन सारखं तिथे जायचं. काहीतरी होतं, चांगलं होतं, मी जपलं होतं. काय होतं? रडू आलं नाही असं म्हणणार नाही, आलं. मग तोंड धुतलं आणि भात टाकला.

पण तिकडे माय-लेकी पोटभर बोलल्या. रोज सकाळ-संध्याकाळ. डाळिंब खा, पाय वर घेऊन बस, सासूला काही बोलू नकोस, आणि बोललीस तर हळू बोल. मी त्यांच्या अंगणात बसून ऐकायचो. ऐकलेलं मोडीत चालत नसलं तरी ऐकायला काही मनाई नव्हती.

एका दुपारी वहिनींनी हाक मारली. मुलगी झाली होती, दोघी खुशाल होत्या. वहिनी हसत होत्या, रडत होत्या आणि मला साखर कुठल्या डब्यात आहे ते सांगत होत्या, सगळं एकदमच. फोन माझ्या हातात दिला.

"काका," मंजिरीचा आवाज दमलेला होता, "बाळाचं नाव तुम्ही सांगायचं."

"मी? अगं, मला लोकांना नावं ठेवायला सांग, ती येतात. बाळाचं आपलं आत्याला वगैरे विचार."

"आत्याला विचारलं. ती म्हणाली, आधी काकांना विचार. आई पण तेच म्हणते."

मला काही उलगडेना. यांच्या घरच्या पोरीचं नाव मी का सांगायचं? पण ओल्या बाळंतिणीशी वाद घालू नये. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "रेवा ठेव."

"रेवा," मंजिरीने म्हणून बघितलं. मग बाळाला म्हणून दाखवलं. "आवडलं काका. हेच."

फोन ठेवून वळलो तर वहिनी भिंतीला धरून खाली टेकत होत्या. मी धावलो. मला वाटलं, गुडघा गेला.

"भावजी, हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आलं तोंडात."

"तुम्हाला आठवत नाही, म्हणून सांगते," वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशी लाइनवर खरखर होती. मला यांचं ऐकू येईना, यांना माझं. तुम्ही रिसिव्हर घेऊन मध्ये उभे राहिलात. ते म्हणायचे ते मला सांगायचात, मी म्हणायची ते त्यांना. हे म्हणाले, रेवा ठेवू, नर्मदेचंच नाव ते, मी सध्या तिच्याच काठावर आहे. मी म्हणाले, नको, म्हातारीचं वाटतं. किती वेळ तेच! तुम्ही रेवा-रेवा सांगून दमलात. शेवटी ओरडलात, 'अहो, दोघांचा वाद राहू द्या, मंजिरी ठेवा आणि मोकळे व्हा!' आणि हे तिकडे हसायला लागले. ते हसलेलं मला नीट ऐकू आलं. तेवढंच आलं."

मी ऐकून घेतलं. वहिनी म्हणतात म्हणजे तसं झालं असेल. मला त्यातलं काही ओळखीचं वाटलं नाही. पण छाती भरून आली, ती कशाने आली?

तेवढ्यात माझ्या डोक्यात दुसरीच शंका आली. ते बोलणं मी मोडीत घातलं होतं, म्हणजे त्यातलं नाव आता करड्यांच्या मालकीचं. आणि ते आपण परस्पर वापरून बसलो! वहिनींनाही ते पटलं. बाळाच्या नावाला वाद नको. आम्ही रिक्षा केली आणि दुकानात गेलो.

करड्यांनी सगळं ऐकलं. तराजूकडे बघितलं, भट्टीच्या दाराकडे बघितलं.

"नाव मोडीत येत नाही," ते म्हणाले. "हंडा मोडीत घेतो तेव्हा त्यावर कुणाचं नाव कोरलंय ते आम्ही कधी वजनात धरतो का? वजन हंड्याचं. नाव ज्याचं त्याने न्यावं."

मग त्यांनी फळीवरून चांदीची एक लहानशी वाटी काढली, पुसली आणि कोरायचं मशीन सुरू केलं.

"दुकानाकडून बाळाला. रेवा, पुढे काय?"

वहिनींनी जावयाचं आडनाव सांगितलं. मशीन कुरकुरलं. करड्यांनी फुंकर मारली आणि वर बघितलं.

"कोणाकडून घालू?"

"दुकानाकडून म्हणालात ना?" मी विचारलं.

"वाटी दुकानाची. नाव देणाऱ्याचं घालायचं असतं."

मी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी वॉकर बाजूला ठेवला आणि काउंटर धरून उभ्या राहिल्या.

"लिहा. शेवाळे आजोबा, आजी आणि बूथवाले आजोबा यांजकडून."

करड्यांनी वाटी फिरवून फिरवून बघितली. "वहिनी, वाटी एवढीशी. तिघं मावायचे नाहीत."

"मग बारीक कोरा," वहिनी म्हणाल्या.