पाण्याच्या टाकीमागे, गेट नंबर दोन

पार्सल पाठवण्यात माझा हात धरेल असा माणूस लंडनजवळच्या अख्ख्या स्लाऊ गावात सापडायचा नाही! इथल्या ट्रेडिंग इस्टेटवरच्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, एका वेअरहाऊसमध्ये मी एकतीस वर्षं डिस्पॅच सांभाळला. कमलाकरने पत्ता लिहिलेला खोका कधी हरवला नाही, असं मॅनेजरने माझ्या निरोप समारंभात सगळ्यांसमोर सांगितलं होतं. रिटायर झाल्यावर ही विद्या नुसती पडून होती. तेवढ्यात कुशला खाऊ पाठवायची वेळ आली!

कुश आमचा धाकटा. तो रॉयल मरीन्समध्ये आहे, म्हणजे ब्रिटिश नौदलाचा सैनिक. सध्या एका वाळवंटी देशातल्या लष्करी विमानतळावर त्याची नेमणूक आहे, आणि शेजारच्याच मुलखात लढाई चालू आहे. तो भरती झाला तेव्हा मी इतका रागावलो की त्याच्या पासिंग आऊट परेडला गेलोच नाही. त्या दिवशी मी मागच्या गार्डनमधलं शेड रंगवत बसलो. शेडला रंगाची काडीचीही गरज नव्हती. या गोष्टीला आता दोन वर्षं झाली, पण ती मला रोज टोचते.

म्हणून या पार्सलमध्ये लाडू आणि चकल्यांच्या खाली मी एक पत्र ठेवलं होतं. मुलाला लिहिलेलं माझं पहिलंच पत्र. त्यात काय होतं ते तुम्हाला कशाला सांगू? ‘चुकलो’ हा शब्द होता, एवढं पुरे. शिवाय कॉर्पोरलच्या बढतीसाठी कुशचं नाव वर गेलेलं. निकालाआधी घरचा लाडू त्याच्या तोंडात पडावा अशी त्याच्या आईची, वैजयंतीची, फार इच्छा होती.

अडचण एकच होती. पत्ता! कुशने पाठवलेल्या पत्त्यात त्याचं नाव, सैनिक क्रमांक, तुकडी आणि लष्करी टपालाचा एक नंबर. संपलं! गाव नाही, रस्ता नाही, देशसुद्धा नाही. उलट खाली ताकीद होती : देशाचं नाव लिहू नये.

“हा पत्ता आहे की लॉटरीचं तिकीट?” मी म्हणालो.

“अहो, तो म्हणतोय ना नंबर पुरे, मग पुरे,” वैजयंती म्हणाली.

“आपल्या लग्नात काय झालं? पत्रिकेवर कार्यालयाच्या खुणा नव्हत्या, तर तुझे मामा दुसऱ्याच्या लग्नात जेवून आले! आहेरही तिथेच देऊन आले!”

आपल्याकडे पत्ता म्हणजे समोर काय, मागे काय, शेजारी काय. आणि ही सगळी माहिती माझ्याकडे होती! कारण कुशचा दर रविवारी दुपारी फोन यायचा. तो सांगायचा त्याचे दिवस. आठ तास टेहळणीच्या बुरुजावर उभं राहायचं, मग रायफलमधली वाळू काढायची, मग बुटांतली, मग चहातली. मगभर पाण्यात दाढी. मध्येच विमान उडालं की दोन मिनिटं नुसती घरघर. एकदा बोलता बोलता भोंगा झाला आणि तो फोन टाकून जमिनीवर आडवा झाला. सराव होता म्हणे. इकडे वैजयंती जिन्यावरच मटकन बसली होती.

तर मी या फोनवर सहज विचारत गेलो. “बाहेर पडलं की समोर काय दिसतं रे?”

“समोर... गेट आहे, बाबा. नंबर दोन.”

“आणि डाव्या हाताला?”

“वॉटर टँक. मोठा आहे ती.”

“जेवायचं कुठे?”

“टँकच्या मागे. मग सायकलींची शेड. मग स्मोकर्स लोकांची बाक.”

वाळवंटात सायकली कशाला, असं मला वाटलं होतं. पण सैन्याच्या कारभारात आपण कशाला बोला!

मी डायनिंग टेबलवर बसलो आणि पत्ता लिहिला. ‘गेट नंबर दोनमधून आत, पाण्याच्या टाकीमागे, भोजनगृहाशेजारी, सायकल शेडसमोर.’ खाली देशाचं नाव, दोनदा अधोरेखित. तरी समाधान होईना. मग पत्रिकेच्या मागे असतो तसा एक सुबक नकाशा काढला. उत्तर दिशेचा बाण, फाटक, टाकी, सगळं! हात असा भराभर चालला की माझं मलाच नवल वाटलं. जागा कधी न पाहता मी प्रमाणात काढली होती!

एवढी कलाकृती जगाला न दाखवता पोस्टात टाकायची? मी पार्सलचा फोटो काढला आणि मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. ‘आमच्या कुशसाठी.’ दोनशे बारा सभासद. हात जोडलेले, फुलं, झेंडे, धो धो कौतुक! आमच्या वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवणारे यादवराव तर लिहून गेले, ‘ही जागा कुठेतरी पाहिल्यासारखी वाटते.’

मी पोस्टात जाऊन पार्सल देऊन आलो. घरात पाऊल टाकतो तोच मिल्टन कीन्सहून अक्षराचा, माझ्या थोरल्या मुलीचा, फोन.

“बाबा! आर यू मॅड? तुम्ही मिलिटरी बेसचा मॅप व्हॉट्सअॅपवर टाकलात?”

“मॅप नाही गं. पत्ता.”

“त्यात नॉर्थचा अॅरो आहे, बाबा! कुशची प्रमोशन जाईल. कदाचित त्याला आत टाकतील! आणि यादवकाकांना ती जागा कशी माहीत?”

यादवराव? शांत माणूस, दर रविवारी कारल्याची रोपं वाटणारा. पण अशाच माणसांचा संशय येत नाही म्हणतात!

“डिलीट करा! आत्ता!”

मी तो फोटो पुसला. ग्रुपवरून तो नाहीसा झाल्याचं डोळ्यांनी पाहिलं आणि सुटकेचा निःश्वास सोडला. पाच मिनिटांनी पुन्हा अक्षरा.

“बाबा, तुम्ही ‘डिलीट फॉर मी’ केलंत! आता तो फक्त तुम्हालाच दिसत नाहीये! बाकी सगळ्यांना दिसतोय!”

पुढचे चार दिवस मी मटार सोलले, लॉन कापलं, कापलेलं लॉन परत कापलं. वैजयंतीला काही सांगितलं नाही. दोनदा नंबर न दाखवणारा फोन आला, तो मी उचलला नाही. असल्या फोनवर नेहमी कुणीतरी माझ्या कॉम्प्युटरला व्हायरस झाल्याचं सांगतं.

गुरुवारी अकरा वाजता बेल वाजली. वैजयंतीने दार उघडलं. बाहेर गणवेशातला एक अधिकारी उभा होता. टोपी हातात.

ज्यांचा मुलगा फौजेत आहे त्यांना मी काही समजावून सांगायला नको. टोपी हातात घेऊन दारात उभ्या राहिलेल्या अधिकाऱ्याचा अर्थ काय, ते आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, तरी माहीत होतं. वैजयंतीने माझा हात धरला. तो बर्फासारखा होता. माझा की तिचा, आजही सांगता येत नाही.

“कुश सुखरूप आहे,” तो घाईघाईने म्हणाला. “अगदी ठणठणीत. मी कॅप्टन पेनरोज. दोनदा फोन केला होता, तुम्ही उचलला नाहीत.”

वैजयंती रडायला लागली. मी त्या माणसाला मिठीच मारली! त्याच्या बिल्ल्याचा ओरखडा माझ्या गालावर दोन दिवस होता.

मग तो सोफ्यावर बसला आणि त्याने पिशवीतून माझं पार्सल बाहेर काढलं. देशाचं नाव पाहून टपालवाल्यांनी ते बाजूला ठेवलं होतं, आणि नकाशा पाहून वर पाठवलं होतं.

“हा आणखी कुणी पाहिला?” त्याने विचारलं.

“थोड्या लोकांनी.”

“किती?”

“दोनशे बारा.”

कॅप्टनने डोळे मिटले. मी उभा राहिलो. “साहेब, सगळी चूक माझी! मुलगा काही बोलला नाही. मीच खोदून खोदून विचारलं. त्याची बढती थांबवू नका. पाहिजे तर मला आत टाका!” हे बोलताना माझा आवाज फाटला. लाज वाटली नाही.

“सर,” पेनरोज म्हणाला, “आम्ही हा नकाशा नीट तपासला. यातली एकही गोष्ट त्या तळावर नाही. टाकी नाही. सायकल शेड तर नाहीच नाही.”

“मग हे आहे कुठलं?”

वैजयंतीने डोळे पुसले, चष्मा लावला आणि नकाशा हातात घेतला. “अहो,” ती म्हणाली, “हे तुमचं वेअरहाऊस आहे.”

मी वाकून पाहिलं. गेट नंबर दोन. टाकी. मागे कॅन्टीन. सायकलींची शेड आणि समोरचा बाक. त्या बाकावर मी एकतीस वर्षं डबा खाल्ला! शाळेच्या सुट्टीत कुशला घेऊन जायचो, तोही तिथेच बसून पोळीचा रोल खायचा.

पेनरोज हसला. “जाण्याआधीच त्याने सार्जंटला सांगितलं होतं. ‘माझे वडील विचारणार, आणि मी गप्प बसलो तर त्यांना वाटेल परेडवरून मी अजून रागावलोय. म्हणून दुसरीच एखादी जागा सांगत राहीन, चालेल ना?’ त्याने डोकं वापरलं, सर. बढतीचा निर्णय माझ्या हातात नाही, पण अहवालात हे नक्की लिहीन.”

जाताना त्याला वैजयंतीने चकल्या बांधून दिल्या. पार्सलवर मी नवा कागद चिकटवला. नाव आणि नंबर. माझ्या आयुष्यातला सगळ्यात छोटा पत्ता, आणि लिहायला सगळ्यात जड गेलेला.

तीन रविवारांनी फोन आला.

“बाबा, लाडू सगळी संपली. आय गॉट इट, बाबा. कॉर्पोरल झालो.”

“शाब्बास!” मी म्हणालो.

“आणि तुमचा लेटर वाचला. परेडला मी तुम्हाला शोधत होतो. लास्ट मिनिटपर्यंत.”

मागे विमान उडालं. दोन मिनिटं नुसती घरघर. बरं झालं, मला तेवढा वेळ हवाच होता.

“मी त्या दिवशी यायला हवं होतं, कुश,” मी म्हणालो. “आता मी एअरपोर्टवर येणार. सगळ्यात पुढे उभा राहणार. कधी येतोस?”

त्याने तारीख सांगितली. विमान किती वाजता उतरणार तेही सांगितलं.

यादवराव परवा विचारत होते, अक्षराही विचारत होती. मी तोंड उघडलं नाही. तुम्हालाही सांगणार नाही! एक तर हा गुपिताचा मामला आहे. आणि दुसरं म्हणजे, पोराने मला चुकीचीच तारीख सांगितली असणार.