तायडेकाकांचं अ‍ॅव्हरेज

आमच्या लोहाऱ्यात रोज सकाळी एक पोतं फिरायला निघतं. व्हीलचेअरवर, जुन्या ओढणीनं बांधलेलं, अगदी ऐटीत. मागून तायडेकाका ढकलत पळतात. नवखा माणूस आ वासून बघतो. आम्ही नुसता रस्ता देतो.

काका माझे शेजारी. सारी उमर ट्रक चालवला, त्यामुळे जगात जे हलतं ते सगळं डिझेलवरच, अशी त्यांची खात्री. माझ्या नवऱ्याच्या पोटाला ते ‘रिझर्व्ह टाकी’ म्हणतात, तेही चारचौघांत. मला हसू आवरत नाही, नवरा फुगून बसतो.

पोत्यात सोयाबीन असतं, पण ही सारी धावपळ काकूंसाठी. त्यांचे गुडघे पार गेलेत. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गाड्या लांबच अडवतात, पुढे पायीच जायचं. गेल्या वर्षी काकांनी खुर्ची ढकलली, पण अर्ध्या वाटेत त्यांचाच दम उखडला. काकूंनी तिथूनच हात जोडले आणि घरी येऊन जाहीर केलं, आता मी कधीच येणार नाही. काकांना ते फार लागलं.

तेव्हापासून ही तालीम. आधी कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत जाताना धापा टाकायचे. आता एमआयडीसीच्या टोकाला जाऊन परत येतात, वर बोलत येतात. आणि बोलणं तरी केवढं! फिजिओथेरपीवाल्या बाईंनी एकदा समजावलं, ते आता गावभर वाटत फिरतात.

“मांडीत बारीक बारीक भट्ट्या राह्यतात, पोरी. रोज पळवलं का त्या वाढतात. मंग गाडी पहिले चरबी जाळते, साखर मांगं ठेवते. म्हणून आता पाय लवकर भरून येत नाही. माह्यं अ‍ॅव्हरेज वाढून राह्यलं.”

खरं सांगते, ऐकून मलाही पळावंसं वाटतं. चप्पल घालेपर्यंत टिकतं ते.

दसरा चार दिवसांवर आला तेव्हा मी काकूंकडे वांग्याची भाजी घेऊन गेले. त्यांनी अर्ध्या भाकरीवरच ताट सारलं. तब्येत बरी नाही का म्हणून विचारलं, तर हळूच म्हणाल्या, “महिनाभर असंच जेवून राह्यली. तेवढंच यायले ढकलाले हलकं पडन.”

म्हणजे बाई यायला तयार होती. असली गोष्ट माझ्या पोटात कुठली राहायला? काका अंगणात पोतं बांधत होते, मी दारातूनच सारं सांगून टाकलं.

काकांनी पोतं खाली उतरवलं, काकूंना हाताला धरून बाहेर आणलं आणि खुर्चीत बसवलं. आतून ते ताट आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

“पोटभर खाय,” ते म्हणाले. “पोतं पहिल्या दिवसापासून तुह्याहून जडच भरलं हाये मी.”

काकूंनी हात लांबवून पोतं चाचपलं. मग राहिलेली भाकरी संपवली आणि माझ्याकडे वळून आणखी अर्धी मागितली.