बूडपट्टी

लग्नसराईतल्या एका मंगळवारी सकाळी यवतमाळ जिल्ह्यातल्या मराठी मजकुरातून रफार नाहीसा झाला. वर्षा आणि हर्षल यांची लग्नपत्रिका पाहुण्यांच्या मोबाइलवर 'वषा' आणि 'हषल' अशी पोहोचली. मुहूर्ताचा 'मुहूत' झाला, आशीर्वादाचा 'आशीवाद'. नेरमधले एक आजोबा 'स्वगवासी' झाले. मी यवतमाळच्या एका दैनिकाची वेबसाइट सांभाळतो. आमच्याकडे दुपारपर्यंत 'वधा' जिल्ह्यात 'कायकत्यांचा' मेळावा सुरू होता.

हे निस्तरू शकणारा माणूस एकच होता, आणि दिवाकर मेश्राम फोन उचलत नव्हते.

मेश्राम वणीचे. वय पन्नाशीच्या पुढे. कोळशाच्या धुळीमुळे वणीत कोणी पांढरा सदरा घालत नाही, मेश्राम दुसरा घालत नाहीत. बाजारातून जाताना खिशात खडू असतो. पाटीवर 'सव प्रकारचे चष्मे' दिसलं की दुकानदाराला न विचारता रफार देऊन पुढे जातात. अर्चना, दुर्गा, सर्वेश अशा नावांची माणसं भेटली की त्यांना खुर्ची देतात. स्वतःच्या नावात रफार नाही, याची त्यांना खंत आहे.

छापखान्यांत आणि टायपिंगच्या दुकानांत अजून जुन्या फॉन्टमध्ये मराठी टाइप होतं. तो मजकूर तसाच मोबाइलवर पाठवला तर किडेमकोडे दिसतात. मेश्रामांचं 'पालट' हे सॉफ्टवेअर त्याची कुठेही वाचता येईल अशी मराठी करतं. ते फुकट आहे, आणि त्याची आतली घडणही उघडी आहे. कोणीही पाहावी, दुरुस्त करावी, पुढे द्यावी. पाहायला कोणी आलं नाही. वापरायला सगळे आले. त्यात मेश्रामांचं स्वतःचं टायपिंगचं दुकान बसलं, कारण गिऱ्हाईकं घरीच 'पालट' वापरू लागली.

"मी माह्याच दुकानाले माह्याच हातानं कुलूप लावलं," असं ते पाहुण्यांना अभिमानाने सांगतात.

'पालट' बिघडलं की फोन त्यांनाच. ते 'हॅलो' म्हणत नाहीत. "बोला, काय तुटलं?" म्हणतात. सर्वांत जास्त तुटतो तो रफार. जुन्या फॉन्टमध्ये तो अक्षरानंतर टाइप करतात, नव्या पद्धतीत अक्षराच्या आधी लागतो. "त्याले उचलून मागं न्या लागते," मेश्राम समजावतात. "म्हाताऱ्या मामाजीसारखा हाये तो. एका जागी बसला का उठत नाही." मग ते तुमच्याकडे ऊन किती आहे ते विचारतात, भाजी कोणती केली ते विचारतात, आणि आपला चहा गार होतो.

त्या मंगळवारी संध्याकाळी मी वणी गाठली. मेश्राम पोट भरायला एका कोळसा वाहतूकदाराकडे ट्रकच्या नोंदी करत. तिथल्या दारातच भेटले.

"भाऊ, फोन काहून उचलला नाही?"

"मालकाच्या ड्रॉवरमंधी हाये. ते म्हणाले, मेश्राम, एक तं ट्रक लिहा, नाही तं रफार. महिनाअखेरीले सांगा."

सकाळी संगणकांवर कसलीशी नवी सुधारणा आली होती आणि तिच्याशी 'पालट'चं जमलं नव्हतं. घरी गेल्यावर मेश्रामांनी तासाभरात रफार परत आणला. मग सगळ्या वापरणाऱ्यांना निरोप धाडला: माझं पोट 'पालट'वर भरलं तर ट्रक सोडतो, नाही तर महिनाअखेरीला 'पालट' सोडतो.

यवतमाळच्या एका मोठ्या छापखान्याने दुसऱ्याच दिवशी सगळा खर्च एकट्याने उचलायची तयारी दाखवली. मेश्रामांनी नाही म्हटलं.

"काहून, भाऊ?" मी विचारलं.

"एकट्याचा पैसा घेतला तं उद्या तो म्हणन, माह्या पत्रिका आधी, त्याच्या मंग. मुद्दा पैशाचा नाही बावा. वाटपाचा हाये."

वाटपाची त्यांची पहिली योजना रफारनिहाय होती. ज्याचे जितके रफार, त्याच्याकडे तितका खर्चाचा वाटा. ती आठवडाभर चालली. त्या आठवड्यात जिल्ह्यात कोणाचा 'स्वर्गवास' झाला नाही, सगळे 'वारले'. पत्रिकांतले आशीर्वाद जाऊन शुभेच्छा आल्या. आमच्या संपादकांनी 'कार्यकर्ते' या एका शब्दात दोन रफार आहेत हे हेरलं आणि बातम्यांत 'पक्षाची मंडळी' दिसू लागली. वर्धा जिल्ह्याचा उल्लेख 'शेजारचा जिल्हा' असा होऊ लागला.

मेश्राम हादरले. "ज्याच्यासाठी केलं तेच मरून राह्यलं," म्हणाले.

दुसरी योजना खुर्च्यांची. दुकानात जितक्या खुर्च्या, तितके वाटे. पाहणीला मेश्राम स्वतः फिरले. वणीतल्या एका दुकानात तीन जण उभ्याने टाइप करत होते. पांढरकवड्यात सगळे स्टुलावर बसले होते आणि स्टूल ही खुर्ची नव्हे असं त्यांचं म्हणणं होतं. एकाने बाज आणून ठेवली होती.

महिना संपायच्या आधीच्या रविवारी वणीत सभा झाली. दुकानदार, छापखानेवाले आणि आम्ही पत्रकार जमलो. स्टुलावरून शब्दाला शब्द वाढला. बाजवाल्याने विचारलं, "बाज एक का चार?" ट्रकचीच नोकरी धरून ठेवायचं मेश्रामांनी तिथेच मनात ठरवलं होतं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

तेव्हा मारेगावच्या सुनंदाताई पेंदोर उठल्या. त्या तहसीलसमोर टायपिंगचं दुकान चालवतात.

"भाऊ, बूड मोजा ना. खुर्च्या कायले मोजता?"

सभा आधी हसली, मग तयार झाली. जितके लोक टाइप करतात तितके वाटे. बसून करोत, उभ्याने करोत की बाजेवर लोळून करोत. मोठ्या छापखान्याचे वाटे जास्त, पण सभेत मत एकच. घरपट्टी, पाणीपट्टीच्या चालीवर वणीकरांनी या वर्गणीला 'बूडपट्टी' नाव दिलं. आमच्या दैनिकाने 'प्रतिव्यक्ती अंशदान' असं छापलं. ते कोणाला कळलं नाही.

दुसरी अट सुनंदाताईंचीच होती. 'पालट'चं आतलं काम आणखी एकाला यायला हवं. "उद्या तुमाले ताप आला तं जिल्ह्यानं काय करावं?" मेश्राम शिकवायला लगेच तयार झाले, शिष्या त्याच निघाल्या. पुढे मेश्रामांना निवांत काम करता यावं म्हणून तक्रारींचे फोनही सुनंदाताईंकडे गेले. याला मेश्राम चटकन हो म्हणाले नाहीत. मग म्हणाले, "बरं."

महिनाअखेरीला त्यांनी ट्रकची नोकरी सोडली. आता ते दिवसभर घरी 'पालट'चं काम करतात. घरात ते एकटेच असतात.

परवा सुनंदाताईंचा मला फोन आला. त्यांना नेरच्या एका दुकानदाराचा रोज दुपारी फोन येतो, तक्रार रोज नवी. तक्रार मिटली की तो मारेगावात ऊन किती आहे ते विचारतो, भाजी कोणती केली ते विचारतो. आवाज जाड करून बोलतो.

"तुमी त्याईले म्हटलं नाही, का ओळखलं म्हणून?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "दुपारी दोनले मी दुसरा फोन घेत नाही."